शॉर्टबोर्ड चालत नाही? लिटरला दोष देण्याआधी या चुका टाळा

आश्वे-मांद्रेच्या वाळूवर सकाळी पाण्याबाहेर आलेल्या चांगल्या सर्फरला विचारा, नवा बोर्ड कसा आहे? तो नाराज असेल तर उत्तर बहुधा लिटरमध्ये, म्हणजे बोर्डच्या घनफळात येतं. "दोन लिटर कमी पडले रे." मग हा बोर्ड विकायचा, दोन लिटर जास्तीचा मागवायचा, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच रडगाणं. लिटर हा बोर्डवर लिहिलेला ठळक आकडा, म्हणून सगळं त्याच्या माथी मारलं जातं. खोड बहुतेक वेळा रॉकरमध्ये (तळाच्या बाकात) असते, कधी फिनमध्ये (शेपटीखालच्या परांत), कधी रेलच्या, म्हणजे कडेच्या जाडीत. आणि यातलं काहीच बोर्डवर लिहिलेलं नसतं.

ज्यांना दोन्ही बाजूंनी बॉटम टर्न (लाटेच्या पायथ्याशी घ्यायचं वळण) घेता येतो आणि लिपवर, म्हणजे लाटेच्या फुटत्या माथ्यावर जाऊन तोल न घालवता परत खाली उतरता येतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जे अजून उभं राहायला शिकताहेत त्यांनी असल्या बोर्डच्या वाटेला जाऊच नये. त्यांना जाड फोमचा बोर्डच बरा.

दुसऱ्याच्या लाटेसाठी घडवलेला बोर्ड

नेटवर ज्या मॉडेलवर जीव जडतो, ते ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया किंवा इंडोनेशियाच्या लाटेवर बेतलेलं असतं. आपली थंडीतली लाट वेगळी. नोव्हेंबर ते मार्च या काळात अरबस्तानाकडून सुटणारे शमाल वारे अरबी समुद्राच्या वायव्य भागात लाटा उठवतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या लाटांचा गोवा-रत्नागिरीच्या किनाऱ्यापर्यंत माग काढलेला आहे. त्यांचा कालावधी (एकामागून दुसरी लाट यायला लागणारा वेळ) साधारण 6 ते 8 सेकंद. इंडोनेशियाच्या प्रवाळांवर फुटणारी लाट बऱ्याचदा याच्या दुप्पट कालावधीची असते. कालावधी कमी म्हणजे जोर कमी. आपली लाट वाळूच्या पट्ट्यावर चढते, मऊ फुटते आणि लवकर संपते. पहाटे मतलई वारा असेतो तिचा चेहरा तुळतुळीत असतो. उन्हं चढली, खारा वारा सुटला की सगळीकडे चॉप, म्हणजे खडबडीत पाणी.

एप्रिल-मेमध्ये चित्र जरा बदलतं. दक्षिणेकडून लांब पल्ल्याच्या लाटा येऊ लागतात, काही दिवस खरोखर हाय परफॉर्मन्स बोर्डचे असतात. नंतर पावसाळा. त्याबद्दल एवढंच, की जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असताना 'स्टेप-अप' (मोठ्या लाटेसाठीचा बोर्ड) घेऊन उतरण्यात शौर्य नाही. तेव्हाचे आत ओढणारे प्रवाह हा बोर्डच्या रचनेने सुटणारा प्रश्न नाही.

म्हणजे वर्षातला बहुतेक काळ गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या, कमी ताकदीच्या लाटेवर जातो, आणि हातात मात्र डोक्याएवढ्या पोकळ लाटेसाठी घडवलेला बोर्ड. पहिली चूक इथेच होते.

रॉकर न मोजणं

बोर्ड बाजूने पाहिला की तळाचा जो बाक दिसतो तो रॉकर. पुढचा बाक तीव्र लाटेत नाक बुडू देत नाही. मागचा बाक बोर्डला लहान वर्तुळात वळू देतो. पण बाक जितका जास्त, तितकं पाणी तळाला ढकलावं लागतं आणि वेग खाल्ला जातो. तीव्र लाटेत तो वेग उतारच भरून देतो. आपल्या मऊ लाटेत भरून द्यायला काही नसतं.

दुखणं ओळखायची खूण सोपी आहे. लाट पकडतानाच अडचण येते की पकडल्यानंतर? हातपाय मारताना बोर्ड खोल बसतो, लाटा खालून निसटतात, उभं राहायला उशीर होतो, तर लिटर कमी असू शकतात. पण तेव्हाही नाकाकडे बघा. पॅडल करताना नाक पाण्याबाहेर उंच राहून पुढ्यात पाणी रेटत असेल, तर पुढचा रॉकर जास्त आहे किंवा तुम्ही फार मागे झोपताय. आधी छाती दोन बोटं पुढे सरकवून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. उलट लाट सहज मिळते, बॉटम टर्नही होतो, आणि वर जाता जाता बोर्ड मरतो, मग उड्या मारत पुढे न्यावा लागतो, तर लिटरचा काही संबंध नाही. तो मागच्या रॉकरचा किंवा फिनचा प्रश्न आहे. या ठिकाणी दोन लिटर वाढवणारा माणूस आपलं दुखणं जास्त जाड करून घेतो.

मोजायचं कसं? बोर्ड पालथा, सपाट ठेवा. फिन काढा. गवंडी प्लास्टर ओढायला वापरतात तसली अॅल्युमिनियमची लांब सरळ पट्टी स्ट्रिंगरवर, म्हणजे बोर्डच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या लाकडी पट्टीवर, आडवी न ठेवता लांबीने ठेवा, बरोबर मध्यबिंदूला टेकेल अशी. आता नाकापाशी आणि शेपटीपाशी पट्टी आणि बोर्ड यांच्यातलं अंतर टेपने मोजा. चांगल्या लाटेसाठीच्या, 6 फुटांच्या आसपास लांब शॉर्टबोर्डमध्ये नाकाला साधारण 5 इंच किंवा थोडं जास्त, शेपटीला सव्वादोन ते अडीच इंच निघतात. आपल्या थंडीच्या लाटेला नाकाला साडेचारच्या जवळ आणि शेपटीला दोनच्या आसपास असलेला बोर्ड जास्त खेळतो. टोकापासून एक फूट आत येऊन पुन्हा मोजा. एकूण बाक सारखाच असलेल्या दोन बोर्डांपैकी एकाचा बाक सलग असतो, दुसऱ्याचा शेवटच्या फुटात अचानक उचललेला. दुसरा सरळ जाताना पळतो आणि मागच्या पायावर दाब पडला की वळतो. छोट्या लाटेत मला तोच पटतो.

शेपटी सपाट केली की वळण मोठं होतं, अशी तक्रार येते. खरी आहे. ती भरून काढायची बाह्यरेषेच्या गोलाईतून: लांबी दोन-तीन इंच कमी, रुंदी पाव ते अर्धा इंच जास्त, मागच्या पायाखाली रेषेला थोडा जास्त वळसा.

आता उलटी चूक. मऊ लाटेचा सपाट बोर्ड घेऊन लोक भरतीच्या वेळी किनाऱ्यालगत आपटणाऱ्या लाटेत जातात आणि नाक खुपसून पालथे होतात. तिथे बोर्ड चुकीचा नाही, वेळ चुकीची आहे. गोव्यात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यात एकाच पट्ट्यावरची लाट पार बदलते.

28 लिटर म्हणजे नेमकं काय?

वजनाला गुणून लिटर काढायची पद्धत वाईट नाही. तयारीच्या सर्फरला किलोमागे साधारण 0.36 ते 0.40 लिटर धरतात. 72 किलोच्या माणसाला त्यातून 26 ते 29 लिटर मिळतात. पण 5 फूट 8 इंच लांब, साडेएकोणीस इंच रुंद, 2 5/16 इंच जाड बोर्ड 28 लिटरचा होतो. 6 फूट 1 इंच, साडेअठरा इंच, 2 3/8 इंच हाही जवळपास 28 लिटरचाच. पाण्यात दोघांचं एकमेकांशी नातं नाही.

हे लिटर कुठे ठेवलेत ते महत्त्वाचं. छातीखाली ठेवले तर पॅडलिंग सोपं. रेलमध्ये कोंबले, म्हणजे कडा गुबगुबीत ठेवल्या, तर वळणावर कड पाण्यात बसतच नाही. बुडवलेला रिकामा डबा उसळून वर यावा तसा बोर्ड वर येतो, चॉपमध्ये तर फारच. लक्षण असं: वेग भरपूर आहे, पण कटबॅक (लाटेच्या फुटत्या भागाकडे परत घेतलेलं वळण) अर्ध्यावर सुटतो आणि बोर्ड पायाखालून घसरतो. लोक फिन मोठे लावतात. फिन मोठे करून घसरणं थोडं थांबतं, पण कड तरीही बसत नाही, कारण दोष कडेच्या जाडीत आहे.

हा घोळ जुन्या बोर्डांत हमखास होतो. हंगाम संपताना मोरजी-हरमल बाजूला परदेशी पाहुणे बोर्ड विकून जातात. किंमत बरी असते, काम सुबक असतं, पण बोर्ड 85-90 किलोच्या माणसाला मापून केलेला. 65 किलोच्या पेडणेकराच्या पायाखाली त्याची रेल कधीच बुडणार नाही. विकत घेण्याआधी विकणाऱ्याचं वजन विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि एक. थंड पाण्यात सर्फ करणारे लोक वेटसूटचं वजन धरून लिटर वाढवून घेतात. आपल्याकडे रॅश गार्ड पुरतो. त्यांच्या हिशेबातला तो वाढीव लिटर आपल्या काही कामाचा नाही.

फिन: सगळ्यात स्वस्त तपासणी, तीच शेवटी

तीन फिनची आजची थ्रस्टर मांडणी सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने 1980 मध्ये आणली आणि 1981 मध्ये त्याच मांडणीच्या बोर्डवर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. अजूनही स्पर्धेतला बहुतेक शॉर्टबोर्ड त्याच मांडणीचा. तरी मोठ्या खर्चाचा प्रश्न थोडक्यात सुटतोय का, हे बोर्ड बदलण्याआधी कोणी बघत नाही.

बॉटम टर्नला जोर दिला की शेपूट सुटतं, तर एक माप मोठे किंवा जास्त ताठ फिन लावून बघा. बोर्ड रुळावरून गेल्यासारखा सरळच जातो, वळायला तयार नाही, तर तिन्ही न बदलता फक्त मधला फिन लहान करा. छोट्या लाटेत वेग मरतो, तर बोर्डवर पाच बॉक्स (फिन बसवायच्या खाचा) असल्यास चार फिन लावून बघा. वेग मिळेल, पण लिपवर उभं वळताना मधल्या फिनचा आधार आठवेल. वेगात असताना फिन गुणगुणत असेल, तर मागची पातळ कड कुठे तरी बोथट किंवा खरवडलेली असते. बारीक पॉलिशपेपरने ती सारखी केली की आवाज थांबतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. फिनही नवे, मेणही नवं, किनाराही नवा, ओहोटीही वेगळी, आणि मग निष्कर्ष? त्यातून काहीच कळत नाही. तोच पट्टा, तीच पाण्याची पातळी धरा आणि दोस्ताला किनाऱ्यावरून मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. आपल्याला पाण्यात जे वाटतं आणि बाहेरून जे दिसतं त्यात इतकं अंतर असतं, की कधी कधी बोर्डचा दोष म्हणून सांगितलेली गोष्ट मागचा पाय पॅडच्या (शेपटीवर चिकटवलेल्या गादीच्या) पुढे ठेवल्याची निघते.

कॉन्केव्हबद्दल, म्हणजे तळाच्या खोलगटपणाबद्दल थोडक्यात. मधे खोल सिंगल कॉन्केव्ह तुळतुळीत लाटेत वेग देतो, चॉपमध्ये खडखडतो. दुपारीच पाण्यात जाणं जमत असेल तर तो उथळ मागा आणि शेपटीपाशी तळाला किंचित व्ही आकार ठेवायला सांगा. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणं, विशेषतः लाटेकडे पाठ असताना, त्याने सोपं होतं.

पीयू की ईपीएस, आणि गोव्याचं ऊन

ईपीएस (थर्माकोलसारख्या पॉलिस्टायरिन) फोमचा, इपॉक्सीचा बोर्ड हलका आणि जास्त तरंगणारा. मऊ लाटेत तो चटकन सुटतो, म्हणून आपल्याकडे त्याची चलती. त्याच हलकेपणाने खाऱ्या वाऱ्यातल्या चॉपवर तो नाचतो. पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा जरा जड बोर्ड तिथे पाणी कापत जातो. एकच ठेवायचा असेल आणि सकाळी पाण्यात जाणं जमत असेल, तर मी ईपीएस घेईन. कर्नाटकात मुल्कीजवळ ससिहित्लूला स्पर्धेसाठी मेअखेर जायचं असेल, तर मात्र पीयूचा, थोडा जास्त रॉकरचा बोर्ड सोबत असलेला बरा.

दुरुस्तीत जी चूक होते ती महागडी आहे. पॉलिएस्टर रेझिन ईपीएस फोमवर लागलं की फोम विरघळतो, खळगा पडतो. होड्यांच्या फायबरचं काम करणाऱ्याकडे बोर्ड नेणार असाल, तर तो हात बसलेला कारागीर असतो, पण त्याच्या डब्यात बहुधा पॉलिएस्टरच असतं. फोम कोणता आहे हे आधी सांगा, इपॉक्सी स्वतः घेऊन जा. पावसाळ्यात इपॉक्सी सुकताना दमट हवेमुळे वर चिकट थर येऊ शकतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर बसत नाही.

ईपीएसला भेग पडली की तो पाणी पितो. भेग दिसली की लगेच बाहेर या, बोर्ड भेग खाली करून सावलीत निथळू द्या, पाणी पूर्ण जाईपर्यंत बुजवू नका. पाणी आत ठेवून वरून टेप मारली की उन्हात ते तापतं आणि वरचा फायबरग्लासचा थर फोमपासून सुटतो. बंद गाडीत ठेवलेल्या बोर्डचं भेगेशिवायही तेच होतं. डेकवर (बोर्डच्या वरच्या बाजूवर) अंगठा दाबून बघा. जिथे मऊ लागतं आणि सोडल्यावर टक् आवाज येतो, तिथे थर सुटलेला आहे. जुना बोर्ड घेताना ही तपासणी मागच्या पायाच्या जागेवर आणि स्ट्रिंगरच्या दोन्ही बाजूंना करा. तिथे टक् आवाज आला तर भाव पाडत बसू नका, तसेच परत फिरा.