विषाणूची बातमी वाचताना आधी क्रियापद बघा

‘प्रयोगशाळेत घातक विषाणू’ अशी बातमी आली की आमच्या सोसायटीतल्या बायका मला गाठतात. मी सव्वीस वर्षं लॅब टेक्निशियन होते ना! मी म्हणते, आधी क्रियापद बघा. विषाणू सापडला, वाढवला, की बदलला?

सापडला असेल तर घाबरायचं कारण नाही. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या लोकांनी तिथे गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधला. २०१६ साली दोडामार्गात काजूच्या बागांत जाणारी माणसं तापाने पडू लागली, तेव्हा माकडताप ओळखता आला तो त्या शोधामुळे.

वाढवला असेल तर विचारा, कुठल्या खोलीत? पुण्यात पाषाणला बीएसएल-४, म्हणजे सगळ्यात घातक विषाणूंसाठीची, सगळ्यात कडक सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. तिथे आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. पण खरी भानगड हातांची. हातमोजे काढताना मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरायचे आणि उलटे करत ओढायचे. बाहेरची बाजू कातडीला लागता कामा नये. एकदा मे महिन्यात घामाने मास्क घसरला आणि मी मोजा घातलेल्या अंगठ्याने तो वर सारला. समोर फ्लूचा नमुना. साहेब म्हणाले, “नोंदवहीत लिहू नका, उगाच चौकशी लागेल.” मी लिहिलं. ताप आला नाही, पण साहेब महिनाभर बोलले नाहीत.

म्हणून चुकांची नोंद होते का, हे विचाराच. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमला जॅनेट पार्कर देवीने गेल्या. त्या छायाचित्रकार, त्यांची खोली देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर. विषाणू वर कसा पोचला यावर एकमत झालंच नाही.

आणि बदलला असेल तर चष्मा पुसून पुन्हा वाचा. २०११ साली रॉटरडॅम आणि मॅडिसनच्या शास्त्रज्ञांनी बर्ड फ्लूचा विषाणू असा बदलला, की फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांत तो हवेतून पसरू लागला. कोणते बदल धोक्याचे हे कळलं, तर कोंबड्यांच्या नमुन्यांत ते आधीच शोधता येतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेने २०१४ ला अशा कामाचा पैसा थांबवला, २०१७ ला पुन्हा सुरू केला. अशा बातमीत मी एकच ओळ शोधते: परवानगी कोणी दिली, आणि त्याचा पगार त्याच संस्थेतून होतो का.