रोमकरांस पत्राचा अभ्यास कसा करावा: पाप, विश्वास आणि तारण

पाप, विश्वास आणि तारण या शब्दांचा अर्थ पवित्र शास्त्रातून समजून घ्यायचा असेल, तर निरनिराळ्या पुस्तकांतली सुटी वचने वेचून वहीत उतरवण्यापेक्षा पौल या प्रेषिताने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले रोमकरांस पत्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचणे अधिक उपयोगी पडते, कारण तिथे हे तिन्ही शब्द एकाच सलग युक्तिवादात गुंफलेले आहेत. इ.स. 57 च्या सुमारास, बहुधा करिंथहून, पौलाने हे पत्र सांगितले आणि तर्तियस नावाच्या लेखनिकाने ते लिहून घेतले. अशी पत्रे मंडळीत मोठ्याने वाचली जात, म्हणून पहिले वाचन मोठ्याने आणि शक्यतो एका बैठकीत करावे. 16 अध्यायांना तासभर किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि वचनांचे आजचे क्रमांक 1551 साली पडले, तेव्हा या वाचनात आकड्यांकडे लक्ष न देता ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तर मग’ एवढ्याच शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. युक्तिवाद कुठे वळतो ते या रेघांवरून दिसू लागते.

दुसऱ्या वाचनात ‘पाप’ हा शब्द धरावा. मराठीत पाप म्हटले की पाप-पुण्याचा हिशेब आपोआप मनात येतो आणि तोच अर्थ आपण नकळत वचनावर लादतो. तो बाजूला ठेवण्यासाठी आधी शास्ते 20:16 (म्हणजे शास्ते या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायाचे 16 वे वचन) उघडावे. तिथे बन्यामीन वंशातल्या 700 डावखुऱ्या गोफणकऱ्यांचा उल्लेख आहे. केसावर नेम धरला तरी तो चुकत नसे असे ते होते. या ‘चुकणे’साठी वापरलेले हिब्रू क्रियापद इतरत्र ‘पाप करणे’ या अर्थाने येते. मात्र पाप म्हणजे निव्वळ नेम चुकणे, असा निष्कर्ष काढून थांबू नये. प्रवचनांत हे फार होते. 51 व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत पापासाठी तीन वेगळे हिब्रू शब्द आहेत, त्यांत बंडखोरी आहे आणि वाकडेपणाही आहे. यानंतर रोमकरांस पत्राच्या 5 ते 7 अध्यायांकडे परत यावे आणि जिथे ‘पाप’ हा वाक्याचा कर्ता आहे तिथली क्रियापदे वहीत एकाखाली एक लिहावीत: ते राज्य करते, संधी साधते, फसवते, ठार मारते, माणसात वस्ती करते. ही यादी तयार झाली की पौलाच्या लेखी पाप ही केवळ चुकांची बेरीज नसून माणसावर हुकूमत गाजवणारी सत्ता आहे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 6:23 मधल्या ‘वेतना’साठीचा मूळ ग्रीक शब्द लूक 3:14 मध्ये शिपायांच्या पगारासाठी आला आहे, त्याच वचनाच्या उत्तरार्धात वेतनासमोर कृपादान ठेवले आहे, म्हणजे कमावलेल्या गोष्टीसमोर न कमावलेली.

विश्वासासाठी चौथा अध्याय घ्यावा आणि शेजारी उत्पत्तीचे पुस्तक उघडे ठेवावे. अब्राहामाचा विश्वास त्याला नीतिमत्त्व म्हणून गणण्यात आला, ही गोष्ट उत्पत्ती 15:6 मध्ये आहे. सुंतेची आज्ञा 17 व्या अध्यायात येते आणि इसहाकाच्या अर्पणाचा प्रसंग 22 व्या. पौलाचा सगळा भर या क्रमावर आहे: विश्वास आधी, सुंता नंतर. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तेच 15:6 उद्धृत करतो, पण ते 22 व्या अध्यायातल्या कृतीशी जोडतो. दोघांपैकी एकाला गप्प करण्याची घाई करू नये. दोघेही कोणत्या चुकीच्या समजुतीला उत्तर देत आहेत, हे आधी पाहावे: एकाला सुंतेवर व कर्मांवर टाकलेली भिस्त मोडायची आहे, दुसऱ्याला कृतीविना नुसत्या शाब्दिक विश्वासावरची. विश्वास आणि कर्मे यांच्या या प्रश्नावर पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात सोळाव्या शतकात फूट पडली, आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व लुथरन प्रतिनिधींनी त्यासंबंधीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

‘तारण’ शब्दाला मराठीत बँकेचा वास आहे, कारण आपण दागिने तारण ठेवतो. इथे मात्र तारणे म्हणजे वाचवणे, हे पक्के करून घ्यावे. मार्क 5:34 मध्ये येशू रक्तस्रावाने पीडित स्त्रीला आणि लूक 7:50 मध्ये त्याच्या पायांशी रडणाऱ्या स्त्रीला जे म्हणतो, ते ग्रीकमध्ये शब्दशः एकच वाक्य आहे: ‘तुझ्या विश्वासाने तुला वाचवले आहे’. मराठी भाषांतरांत एकीकडे बहुधा ‘बरे केले’ आणि दुसरीकडे ‘तारले’ असे येते. त्यानंतर रोमकरांस 8:24, 1 करिंथकरांस 1:18 आणि रोमकरांस 5:9 ही वचने या क्रमाने वाचून प्रत्येकातला काळ लिहून ठेवावा: झालेले, होत असलेले आणि व्हायचे असलेले.

शक्य असल्यास दोन मराठी भाषांतरे समोर ठेवावीत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले भाषांतर मिळाले तर उत्तमच. टीकाग्रंथ, म्हणजे पत्राचा अर्थ उलगडून सांगणारे पुस्तक, मात्र स्वतःची वही भरल्यावरच उघडावा, नाहीतर आपल्या प्रश्नांच्या जागी टीकाकाराचे प्रश्न येऊन बसतात.

9 ते 11 हे इस्राएलविषयीचे अध्याय अवघड आहेत; पहिल्या फेरीत ते नुसते वाचून पुढे गेले तरी चालेल. सोळावा अध्याय नुसत्या नावांचा म्हणून टाळला जातो, तो टाळू नये. किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी तिथेच भेटते, आणि हे पत्र रोमला तिनेच नेले असे बहुतेक अभ्यासक मानतात.