जुन्या गोदीत नवं फुटबॉल स्टेडियम: आराखड्याला हात कुठून घालायचा

मैदान आखून सुरुवात करू नका. 105 बाय 68 मीटरचा हिरवा आयत कागदावर ठेवला की त्याच्याभोवती स्टँड येतात, स्टँडवर छत येतं, आणि जुनी भिंत, जुना धक्का, जुनं पाणी हे सगळं 'अडथळा' होऊन बसतं. जुन्या गोदीत काम करायचं तर क्रम उलटा: आधी पाणी, मग भिंत, मग माणसांची वाट, आणि सगळ्यात शेवटी मैदान. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असा विषय घेणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहिलं आहे. गोदाकाठी काहीही बांधायचा ज्यांचा विचार असेल, त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

गोदी म्हणजे काठावर खोदून दगडी भिंतींनी बांधून काढलेला प्रचंड हौद. भरती-ओहोटीने जहाज खाली-वर होऊ नये म्हणून दरवाजे लावून आतलं पाणी एका पातळीला अडवलेलं असतं. उदाहरणासाठी लिव्हरपूलची ब्रॅमली-मूर गोदी घेऊ. जेसी हार्टली या इंजिनिअरने बांधलेली ही गोदी 1848 मध्ये सुरू झाली. आता तिथे एव्हर्टन क्लबचं 52,000 हून अधिक प्रेक्षकांचं हिल डिकिन्सन स्टेडियम उभं आहे. 1892 पासून गुडिसन पार्कवर खेळणाऱ्या या क्लबने 24 ऑगस्ट 2025 ला इथे प्रीमियर लीगचा पहिला सामना खेळला.

याची किंमतही माहीत असू द्या. लिव्हरपूलचा बंदरभाग 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत आला, 2012 मध्ये 'धोक्यात' या यादीत गेला आणि जुलै 2021 मध्ये यादीतून काढला गेला. काठावरचा मोठा पुनर्विकास आणि हे स्टेडियम, दोन्ही त्या निर्णयाच्या कारणांत होते. आराखडा चांगला होता म्हणून वाद टळला नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, पेन्सिल हातात घेण्याआधी, काय कायमचं जाणार आणि काय परत मिळवता येणार याची दोन रकान्यांची यादी करा. गोदी खोदून काढली तर ती गेली. वाळूने भरली आणि भिंती जागच्या जागी ठेवल्या तर ती झाकली गेली. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाणी उपसायची घाई

नवखा माणूस पहिली चूक इथे करतो: गोदी रिकामी करू, कोरड्यात काम करू. गोदीची भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते. तिच्या पाठीमागे ओली माती ढकलत असते आणि समोरचं पाणी तिला टेकू देत असतं. समोर 8 मीटर पाणी असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीला तो टेकू सुमारे 32 टनांचा होतो (खोलीचा वर्ग, त्याची निम्मी: 64 चे 32). पाणी झटकन उपसलं तर हा टेकू जातो, पण पाठीमागच्या मातीतलं पाणी तसंच राहतं. भिंत पुढे झुकते किंवा तळातून सरकते. नदीचा पूर झपाट्याने ओसरतो तेव्हा घाटाच्या भिंतींवर नेमका हाच ताण येतो.

म्हणून भराव पाण्यातच घालायचा. ब्रॅमली-मूरमध्ये आयरिश समुद्राच्या तळातून ड्रेजरने (तळ उपसणाऱ्या जहाजाने) वाळू आणून ती पाण्यासकट पाइपमधून गोदीत सोडली. एकूण वाळू 5 लाख घनमीटरच्या घरात. आपल्या भाषेत पावणेदोन लाख ब्रासच्या आसपास. हायवांनी आणायचं म्हटलं असतं तर शहराचे रस्ते वर्षभर धुळीत गेले असते. वाळू सोडण्याआधी आतले मासे पकडून दुसरीकडे सोडले आणि दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब आहेत का, ते पाणबुड्यांनी तपासलं. लिव्हरपूलच्या गोद्यांवर 1941 मध्ये तुफान बॉम्बफेक झाली होती, त्यामुळे ही तपासणी नुसती कागदोपत्री नव्हती.

भराव घालताना हे सांभाळा. तळाचा मऊ गाळ किती आहे ते बोअर घेऊन मोजा. तो तसाच ठेवून वर वाळू टाकली तर गाळ वर्षानुवर्षं दबत राहतो आणि खाली बसताना पाइलला (पायासाठी जमिनीत खोल रोवलेल्या खांबाला) आपल्याबरोबर ओढतो. मग पाइलवर स्टँडचं वजन असतंच, त्यात या ओढण्याची भर पडते. हिशेबात हे धरलं नसेल तर स्टँडचा एक कोपरा खचायला लागतो. दुसरं, पाण्यात टाकलेली वाळू सैल असते. कंप देणारा लांब दांडा आत घालून ती खालून वर दाबत आणतात. वाळूत मातकट कण 10 ते 15 टक्क्यांच्या वर गेले की ही पद्धत नीट चालत नाही, म्हणून प्रत्येक खेप चाळणीवर तपासा. आणि कंपाचं काम गोदीच्या मध्यापासून सुरू करून भिंतीकडे हळूहळू सरका. भिंतीवर कंपमापक लावा. जपायच्या बांधकामासाठी जर्मन मानकात कमी वारंवारितेच्या कंपाला 3 मिलिमीटर प्रति सेकंद ही सीमा धरतात, ती पाळा.

तळघराचा मोह टाळा. पाणपातळीच्या 2 मीटर खाली गेलात की पाणी दर चौरस मीटरला 2 टनांनी फरशी वर ढकलतं. नुसत्या वजनाने ते अडवायचं तर 83 सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट लागतं, तेही कुठलीही सुरक्षा न धरता.

भिंतीजवळ उभं राहा

हार्टलीच्या भिंती पाहिल्या की थबकायला होतं. ग्रॅनाइटचे ओबडधोबड, निरनिराळ्या आकारांचे मोठाले दगड एकमेकांत असे बसवलेत की रांग नाही तरी फट नाही. सांध्यात पाण्यातही घट्ट होणारा चुना. अशा भिंतीचा सर्व्हे वरून ड्रोनने आटोपत नाही. दर 5 मीटरवर ओळंबा सोडा, झुकाव मिलिमीटरमध्ये लिहा, पाणरेषेच्या वर आणि खाली वेगळे फोटो घ्या. जिथे तडा दिसेल तिथे त्याच्यावर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवून तारीख टाका. तडा वाढला तर काच फुटते. काम सुरू होण्याआधी निदान एक पावसाळा ही नोंद हवी, नाहीतर नंतर तडा जुना की नवा यावरच भांडण होतं.

सांधे भरताना सिमेंट वापरू नका. असा कडक सांधा ओलावा आत कोंडतो आणि मग सांध्याऐवजी दगडाचाच कोपरा ढलपून निघतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या घाटांवर सिमेंटचे ठिगळ पाहून वाईट वाटतं ते याचसाठी.

वाडग्याचा आकार

आता मैदान. लांब अक्ष उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे संध्याकाळचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत जात नाही. गोदीचा आयत आडवा असेल तर आधी हे जमतंय का पाहा, जमत नसेल तर जागा बदला.

उंचीचा सगळा खेळ मात्र पायऱ्यांच्या हिशेबात आहे. पुढच्या माणसाच्या डोळ्यांपासून मागच्याची नजर किती वरून जाते, त्याला सी-मूल्य म्हणतात. फुटबॉलला 90 मिलिमीटर चांगलं, 60 च्या खाली जाऊ नये. त्याच्यासाठी पायरीची उंची अशी काढतात: डोळ्याची मैदानापासूनची उंची अधिक सी-मूल्य, याला पुढच्या आणि मागच्या रांगेच्या साइडलाइनपासूनच्या अंतरांच्या गुणोत्तराने वाढवा, त्यातून डोळ्याची मूळ उंची वजा करा. पहिली रांग साइडलाइनपासून 8 मीटरवर, डोळा 2.1 मीटरवर, रांगेची खोली 80 सेंटिमीटर. मग 2.19 गुणिले 8.8 भागिले 8, वजा 2.1. उत्तर 309 मिलिमीटर. 20 व्या रांगेमागे हीच पायरी 402 होते, 30 व्या रांगेमागे 428. 30 व्या रांगेचा डोळा मैदानापासून सुमारे 13.1 मीटरवर येतो.

आता कोणीतरी म्हणतं, प्रेक्षक अजून जवळ आणा, पहिली रांग 6 मीटरवर घ्या. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मग पहिलीच पायरी 382 मिलिमीटरची होते आणि 30 व्या रांगेचा डोळा 15.6 मीटरवर जातो. पुढे 2 मीटर सरकल्याने मागची रांग अडीच मीटर चढली, तिच्याबरोबर छतही चढलं, आणि शेजारच्या जुन्या मनोऱ्याची रेषा झाकली गेली. उतारही 33 अंशांवर पोचला. ब्रिटनच्या ग्रीन गाइडची (स्टेडियम-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेची) मर्यादा 34 अंशांची आहे. ऐतिहासिक जागेत उंचीवरून वाद पेटतो तेव्हा तो छतावरून चालू असतो, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या रांगेत सापडतं. तिथे बसून हा हिशेब पुन्हा करा.

प्रमाणाचा अंदाज कागदावर येत नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर टेप घेऊन 105 बाय 68 पावलांखाली घाला, मग कोपऱ्यावर उभं राहून समोरच्या कोपऱ्यातल्या मित्राच्या पायाजवळचा चेंडू दिसतो का पाहा. पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर कुठल्याही खुर्चीपासून 190 मीटरच्या वर जाऊ देऊ नका.

माणसांची वाट

गोदीभोवती चोरी थांबवण्यासाठी उंच कुंपणभिंत असते आणि तिला दारं मोजकीच. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं धरतात, जिन्यावर 66. आठ मिनिटांत बाहेर काढायचं तर 5 मीटरच्या दारातून 3,280 माणसं जातात, आणि 50,000 जणांना एकूण 76 मीटर रुंदीची दारं लागतात. जपलेल्या भिंतीत एवढी भोकं कोण पाडू देणार? म्हणून भिंतीच्या आतच मोकळं पटांगण ठेवायचं. आठ मिनिटांत माणसं स्टँडमधून तिथे सुखरूप यावीत, पुढे दारांतून सावकाश जावीत. ब्रॅमली-मूरलाही रीजंट रोडच्या भिंतीत नवी दारं पाडावी लागलीच. ती पाडताना कडा सरळ, नव्या दिसतील अशा ठेवा. जुन्याची नक्कल करून खोटं जुनं दार बसवू नका.

नाशिकमध्ये हा भाग वाचताना 2003 च्या सिंहस्थातली रामकुंडाकडच्या वाटेवरची चेंगराचेंगरी आठवल्याशिवाय राहत नाही. जुन्या वस्तीतली, पाण्याकडे उतरत अरुंद होत जाणारी गल्ली हीच सगळ्यात धोक्याची जागा. म्हणून बाहेर पडायच्या वाटेची रुंदी पुढे कुठेही कमी होता कामा नये, आणि पाण्याच्या बाजूला एकही मुख्य वाट काढू नये.

काय दिसत राहायला हवं

जहाजाचे दोर बांधायचे लोखंडी खुंटे, दोर ओढायचे फिरते खांब, मालगाडीचे रूळ, दगडी फरसबंदी. यातलं प्रत्येक क्रमांक घालून नकाशावर टिपा, काढावं लागलं तर त्याच दिशेला परत बसवा. ब्रॅमली-मूरच्या पश्चिमेला पाण्याचा एक पट्टा मोकळा ठेवला, कारण शेजारच्या गोद्यांचं पाणी त्यातूनच जोडलेलं राहतं. 1883 चं हायड्रॉलिक इंजिनघर दुरुस्त केलं. स्टेडियमचा खालचा भाग विटांचा आहे, कोठारांशी नातं सांगणारा, आणि त्यात गुडिसनच्या स्टँडवरची आर्किटेक्ट आर्चिबाल्ड लीचची तिरकी जाळी विणली आहे. भरलेल्या गोदीची कड फरशीत निराळ्या दगडाने दाखवा, म्हणजे आपण कुठे पाण्यावर चाललोय हे लहान मुलालाही कळेल. खाऱ्या वाऱ्यात रेलिंगला 304 नाही, 316 दर्जाचंच स्टेनलेस स्टील घ्या. दोन-तीन हिवाळ्यांत 304 वर तांबडे डाग उमटतात.

गोदाकाठी सराव

हाच क्रम नाशिकला लावून पाहायचा असेल तर रामकुंडापासून खाली चालत जा. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठे पोचलं यावरून अख्खं गाव पूर मोजतं. त्या खुणा टोटल स्टेशनने (सर्व्हेच्या यंत्राने) पातळीत उतरवा. त्यावर जलसंपदा विभागाच्या पूररेषा ठेवा: निळी 25 वर्षांतल्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. मग नारोशंकराचं मंदिर, सुंदरनारायण, घाटाच्या पायऱ्या यांच्यावरून दिसणाऱ्या नजररेषा आखा. इतकं केल्यावर बहुतेकांच्या लक्षात येतं की घाटावर स्टँड बसत नाही आणि बसवूही नये. त्या जागेचा स्टँड आधीच बांधलेला आहे, पायऱ्यांच्या रूपात.

मग खालच्या अंगाला, वस्ती संपल्यावर, मोकळं मैदान घ्या. निळ्या रेषेच्या आत उघडं मैदान चालतं, पक्कं बांधकाम चालत नाही. गोलपोस्ट सॉकेटमधून उपसता येणारे ठेवा, कुंपणाची जाळी पावसाळ्याआधी गुंडाळता आली पाहिजे, कारण तिच्यात अडकलेला कचरा बांधासारखा पाणी अडवतो. बसायच्या पायऱ्या मातीच्या उतारावर दगड रचून, प्रवाहाला समांतर. कपडे बदलायच्या खोल्या आणि दिव्यांचं पॅनेल मात्र लाल रेषेच्या वर.