डेअरडेव्हिल सिरीज नीट बघायची असेल तर

परवा भाच्याने विचारलं, मामा डेअरडेव्हिल बघू का, म्हटलं बघ पण मी सांगतो तशी बघ. मार्व्हलची सुपरहिरो सिरीज आहे, रात्री मास्क घालून गुंडांशी लढणारा डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक. बरेच जण दोन एपिसोड बघतात, हा लाल सूट कधी घालणार म्हणून कंटाळतात आणि सोडून देतात. तो सूट पहिल्या सिझनच्या शेवटच्या, म्हणजे 13व्या एपिसोडात येतो, तोपर्यंत काळे कपडे आणि डोळ्यांवरून बांधलेलं काळं फडकं, त्यामुळे त्याची वाट बघत बसूच नका.

क्रम असा: 2015 चा पहिला सिझन, 2016 चा दुसरा, मग 2017 च्या द डिफेंडर्सचे 8 एपिसोड (वेगळी सिरीज, पण मॅट त्यातही आहे), आणि त्यानंतर 2018 चा तिसरा. मधले 8 गाळले तर तिसऱ्याच्या सुरुवातीला मॅट एवढा मोडलेला का ते कळत नाही. 2025 ला सुरू झालेली पुढची सिरीज, बॉर्न अगेन, सगळ्यात शेवटी.

बघायची रात्री, लाईट बंद करून, कारण सीन फार काळोखे आहेत, आणि हेडफोन लावूनच. मॅट मर्डॉक आंधळा वकील, समोरच्याच्या छातीचे ठोके ऐकून तो खोटं बोलतोय का ते ओळखतो, आणि मी पहिल्यांदा बघितली ती फोंड्याच्या घरी भर पावसात, कौलांवर धो धो चाललेलं आणि मोबाईलचा बारका स्पीकर, अर्धी गोष्ट तिथेच गेली. घरात कोणाला दिसत नसेल तर ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज, लावून द्या. सिरीज आली तेव्हा ती सोय नव्हती, अंध प्रेक्षकांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच नेटफ्लिक्सने ती दिली.

आता मुख्य गोष्ट. मारामारी संपली की पुढे ढकलू नका, खरी सिरीज तिथून सुरू होते. पहिल्याच एपिसोडात मॅट कुमसाराला, म्हणजे चर्चमध्ये पाद्रीपुढे पाप कबूल करायला, बसतो आणि पाद्रीकडे क्षमा मागतो, ती केलेल्या पापाची नाही तर पुढे जे करणार आहे त्याची! कुमसार म्हणजे काय ते गोव्यात कोणाला समजवावं लागत नाही, म्हणून हा सीन आपल्याला जास्त लागतो असं मला वाटतं.

दुसऱ्या एपिसोडात शेवटी कॉरिडॉरमधली फाईट आहे, सगळे तिचंच कौतुक करतात. बघताना मॅटचे पाय बघा. आधीच जखमी आहे, दोन ठोसे मारतो आणि भिंतीला टेकतो, दम खातो, परत उठतो, कारण आत पळवून आणलेलं पोरगं आहे. आणि त्याच एपिसोडात लहान मॅट बॉक्सर बापाच्या तोंडावरची जखम स्वतः शिवतो, हात थरथरतो म्हणून बाप त्याला दारूचा घोट देतो. हे दोन्ही सीन एका बैठकीत बघा, मार खाऊन परत उभं राहायचं हे त्याला कुठून मिळालं ते लगेच कळतं.

10वा एपिसोड एकटा बघा. त्यात फॉगीला, मॅटच्या दोस्ताला आणि वकिलीतल्या जोडीदाराला, मास्कमागे मॅटच आहे हे कळलेलं असतं आणि दोघं नुसतं बोलतात, रडतात. फॉगीला राग मास्कचा कमी आणि इतकी वर्षं खोटं बोलल्याचा जास्त. मी कुंडईला नाईट शिफ्ट करायचो तेव्हा आई ॲडमिट होती, रात्री कामावर, दिवसा हॉस्पिटलात, आणि दोस्ताने विचारलं की सगळं मस्त चाललंय म्हणायचो. त्याला तिसऱ्याकडून कळलं, दोन महिने बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. त्यामुळे हा एपिसोड मी तीनदा बघितलाय, तिन्ही वेळा फॉगीच्या बाजूने.

दुसऱ्या सिझनमध्ये एलेक्ट्रा, मॅटची जुनी प्रेयसी, आली की कोर्टातल्या तारखांवर लक्ष ठेवा. गुन्हेगारांना स्वतःच मारत सुटलेल्या पनिशरची केस चालू असताना मॅट रात्रभर बाहेर असतो आणि सकाळी कोर्टात फॉगी एकटा उभा. इथे मॅटचा राग येईल, येऊ द्या. आणि तिसरा सुरू करायच्या आधी गुगल करू नका, त्यातली नन सिस्टर मॅगी खरी कोण आहे ते आधी कळलं तर सगळी मजा जाईल.