हिरडीतून रक्त येतंय? मग या चुका टाळा

ब्रश करताना थुंकी लाल दिसली की बहुतेक जण त्या जागेला चार दिवस ब्रश लावत नाहीत. ‘हिरडी दुखावली आहे, जरा आराम देऊ,’ असं वाटतं. हिरड्यांच्या बाबतीत याहून महाग पडणारी चूक नाही.

दात हिरडी भेदून वर येतो, त्यामुळे तिथे शरीराच्या आवरणात एक फट राहतेच. ती फट हिरडीच्या आतल्या कडेचा पातळ थर बुजवतो. त्याच्या पेशी दाताला चिकटलेल्या असतात आणि काही दिवसांतच झडून नव्या येतात, त्यामुळे त्यांना चिकटलेले जंतूही गळून पडतात. फटीतून एक द्रव सतत बाहेर झिरपतो. त्यात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं असतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही त्याच वाटेने तोंडात येतात. निरोगी तोंडातही मिनिटाला अंदाजे 30,000 पांढऱ्या पेशी अशा बाहेर पडतात. हा पहारा कधीच थांबत नाही.

दाताच्या कडेला प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचून राहिला की शरीर तिकडे जास्त रक्त धाडतं. रक्तवाहिन्या फुगतात, आतला थर नाजूक होतो आणि नुसत्या स्पर्शानेही रक्त येतं. ब्रश थांबवला की प्लाक वाढतो आणि सूजही वाढते. 1965 साली डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथे हेराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणून रक्त येतं तिथेच मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने, पण रोज फिरवा. दातांच्या मधल्या फटींसाठी फ्लॉस (दातांमधून फिरवायचा बारीक दोरा) किंवा बारीक ब्रश वापरा.

दुसरं टोकही वाईटच. कडक ब्रश किंवा खरखरीत राखुंडी जोर लावून घासली की हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं आणि गार पाणी झोंबतं.

मशेरीबद्दल मात्र स्पष्टच बोलायला हवं. आपल्याकडे अनेक घरांत बायका दात घासायला म्हणून भाजलेली तंबाखू वापरतात, कारण तिने ‘हिरड्या घट्ट होतात’ असा समज आहे. ती तंबाखूच आहे. तिची सवय लागते, हिरडीला इजा होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तर आणखी फसगत होते: सूज असूनही रक्त कमी येतं, त्यामुळे आजार लपून राहतो.

‘स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून दातांची सफाई, केलं की दात हलायला लागतात’ हे तुम्हीही ऐकलं असेल. प्लाक कडक होऊन त्याचं कीटण झालं की ते ब्रशने निघत नाही. सूज वर्षानुवर्षं राहिली तर आतलं हाड झिजतं. दात सैल झालेला असतो तो यामुळे. कीटण काढल्यावर तो सैलपणा फक्त जाणवायला लागतो. झिजलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही, म्हणून उशीर नको. माउथवॉशनेही कीटण निघत नाही.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, पू आला, किंवा दात हलू लागला, तर दंतवैद्याकडे जा. मधुमेह असेल तर आधीच जा, कारण वाढलेली साखर हिरडीचा बचाव दुबळा करते आणि हिरडीची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, तेव्हाही तपासणी टाळू नका. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन ही गोळी चालू असेल आणि हिरडी वाढून दातांवर येत असेल, तर हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.