आरोग्य केंद्रात ‘बोलण्याचा गट’ सुरू करताय? या चुका टाळा

आमच्या पहिल्या गटाची तिसरी बैठक होती. मुळशी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत सात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून दीड वर्ष कुणाशी धड न बोललेल्या एक मावशी पहिल्यांदा तोंड उघडत होत्या. तेवढ्यात दार ढकलून एक कर्मचारी आत आला, “मॅडम, एक फोटो. रिपोर्टला लागतो.” मावशींनी पदर तोंडावर ओढून घेतला. चौथ्या बैठकीला तिघीच आल्या.

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. सरकारी कामात फोटोशिवाय कार्यक्रम झालाच नाही असं धरतात. चूक माझी होती, कारण मी डॉक्टरांशी आधी बोलून ठेवलं नव्हतं. उदास, चिंतेत असलेल्या सहा-दहा जणांनी दर आठवड्याला एकत्र बसून मनातलं बोलायचं, असा हा गट. हा लेख पुणे जिल्ह्यात असे गट सुरू करू पाहणाऱ्या डॉक्टर, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर आणि समुपदेशकांसाठी आहे. (प्रसंगांतले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हे का करायचं, ते थोडक्यात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उदासीनता, चिंता अशा नेहमीच्या आजारांच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. वेल्ह्याच्या वाडीतून ससूनला किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयात यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. तीच बाई गावच्या केंद्रात मात्र दर महिन्याला येते. “अंग दुखतं, झोप नाही, जीव घाबरतो” म्हणते आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन जाते. तिच्यासाठी गट हवा. हे काम मानसोपचारतज्ज्ञानेच केलं पाहिजे असंही नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युगांडातल्या अभ्यासात ३० गावं घेतली होती, त्यातल्या निम्म्या गावांत १६ आठवडे, दर आठवड्याला दीड तास असे गट चालले. ते चालवणारी माणसं त्याच भागातली होती, डॉक्टर नव्हती. उदासीनता स्पष्ट कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये याच पद्धतीची आठ बैठकांची पुस्तिका काढली. आपल्या शेजारी गोव्यात प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सरकारी आरोग्य केंद्रांत केलेल्या कामाचाही रुग्णांना उपयोग झाला.

चूक: गटाचं प्रबोधन शिबिर करणं

सगळ्यात जास्त गट इथेच मरतात. आपल्याला सांगायची सवय आहे. हात धुवा, मीठ कमी खा, गोळी चुकवू नका. तीच सवय गटात येते. बाई म्हणते, “सून माझ्याशी बोलतच नाही.” लगेच सिस्टर म्हणतात, “अहो, सगळ्यांच्याच घरात असतं. मन रमवा, देवाचं नाव घ्या.” हेतू चांगला असतो, पण विषय तिथेच संपतो आणि बाई पुन्हा गप्प होते.

आमच्या दुसऱ्या गटात असंच सुनेचं निघालं, तेव्हा मी मुद्दाम काही बोलले नाही. बराच वेळ शांतता. मग शेजारच्या काकूंनी विचारलं, “तुम्ही तिला शेवटचं काय बोललात?” त्या आठवू लागल्या. बाळंतपणाला माहेरी जाताना सून निरोप घ्यायला आली होती आणि यांनी तोंड फिरवलं होतं. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. पुढची पंधरा मिनिटं काकू सून झाल्या आणि या बाईंनी तिला काय सांगायचं ते बोलून पाहिलं. पहिल्यांदा भांडणच झालं. दुसऱ्या वेळी आवाज खाली आला. तिसऱ्यांदा त्या एवढंच म्हणाल्या, “बाळाला घेऊन ये गं, मला बघायचंय.” पुढच्या आठवड्यात त्यांनी तसा फोन केला.

गट चालवणाऱ्याचं काम एवढंच. दुःख कशाचं आहे ते नेमकं करायचं: कुणाच्या जाण्याचं, भांडणाचं, आयुष्यात झालेल्या बदलाचं की एकटेपणाचं. मग बाकीच्यांना विचारायचं, “तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आलीय?” सल्ला एकमेकींकडून आला की तो घरी नेला जातो. शांततेला घाबरू नका. मनात वीसपर्यंत मोजा, कुणीतरी बोलतंच. कुणी रडलं तर पाण्याचा पेला पुढे करा, “रडू नका” म्हणू नका. एकच बाई सगळा वेळ खात असेल तर तिचं वाक्य संपल्यावर म्हणा, “हे महत्त्वाचं आहे. यावर इतरांना काय वाटतं, ऐकूया.”

चूक: दिसेल त्याला गटात बसवणं

‘टार्गेट’ भरायला आशाताई पंधरा जणी गोळा करतात. पंधरा जणींत कुणालाच वाटा मिळत नाही. सहा ते दहा पुरेत. पुरुष आणि बायका वेगळे बसवा, एकत्र बसले तर दोन्हीकडचं महत्त्वाचं बोलणं बंद होतं.

आशाताई घरोघरी आरोग्य तपासणीसाठी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात मन उदास असण्याचे, कशात रस नसण्याचे दोन प्रश्न असतात. ते बऱ्याचदा दारात उभ्या उभ्या ‘नाही, नाही’ करून भरले जातात. बसून विचारले की उत्तरं बदलतात. त्यात होकार आला की उदासीनता मोजणारी प्रश्नावली, मराठीतला पीएचक्यू-९, भरून घ्या. नऊ प्रश्न, जास्तीत जास्त २७ गुण, आणि १० किंवा जास्त आले तर नीट लक्ष घालायचं. त्यानंतर पहिल्या बैठकीआधी प्रत्येकीला एकटीला भेटा. आम्ही घाईत ही भेट गाळली होती आणि कानात आवाज येणाऱ्या एका मुलीला गटात बसवलं. तिचा त्रास वाढला, बाकीच्या घाबरल्या. भास होत असतील, दारूचं व्यसन पक्कं असेल किंवा आत्ता जीव द्यायचा विचार असेल, तर आधी डॉक्टर, हा गट नाही. दारूसाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथला रस्ता दाखवा. आणि कुणाच्या गोळ्या चालू असतील तर “आता गट आहे, गोळ्या कशाला?” असं कुणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका.

चूक: “इथलं इथेच राहील” असं म्हणून तसं न वागणं

गावात भावकी असते. जाऊबाई आणि नणंद एकाच गटात आल्या तर दोघीही हवापाण्यावर बोलतील. यादी ठरवताना नाती विचारून घ्या. गट चालवणारी आशाताई शक्यतो शेजारच्या वाडीची असावी. आपल्या घरचं तिच्यापुढे कसं काढायचं, हा प्रश्न बायकांना खरोखर पडतो.

दारावर ‘मानसिक आरोग्य गट’ अशी पाटी लावू नका. आम्ही ‘टेन्शनचा गट’ म्हणतो. टेन्शन सगळ्यांना असतं, त्यामुळे येताना मान खाली घालावी लागत नाही. खोलीला दार हवं आणि ते बंद होणारं हवं. हजेरीपटावर फक्त नंबर टाका, नावं कुलपात. फोटो हवाच असेल तर रिकाम्या सतरंजीचा किंवा पाठमोरा, तोही विचारून. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही गोपनीयता रुग्णाचा हक्क केली आहे. वरिष्ठांना तो कायदा दाखवला की बहुतेक वेळा वाद मिटतो. एखादीचा नवरा “आमची काय बोलते तिथं?” म्हणून विचारायला आला तर त्याला चहा द्या, त्याचं स्वतःचं कसं चाललंय ते विचारा, तिच्याबद्दल एक शब्द नको.

चूक: आपल्या सोयीची वेळ ठरवणं

मुळशी, भोरकडे आषाढात भातलावणी असते, तेव्हा कुणी येणार नाही. हवेली, दौंड, इंदापूर, पुरंदरकडे पालख्या जातात त्या दिवसांत केंद्राचा सगळा स्टाफ वारीच्या ड्यूटीवर असतो. आठ आठवडे सलग मिळतील असा काळ आधी कॅलेंडरवर शोधा. शहरात वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते चार मोकळं असतं, पण नळाला पाणी केव्हा येतं तेही विचारून घ्या. पुरुषांसाठी संध्याकाळ बरी. ‘उदास वाटतं का’ असं विचारलं तर ते नाही म्हणतात, ‘झोप लागते का, चिडचिड होते का’ विचारलं की बसतात.

चूक: “मरावंसं वाटतं” हे ऐकून विषय बदलणं

आपण विचारल्याने तिच्या डोक्यात तो विचार येईल, अशी भीती असते. तसं होत नाही. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का, कसा करायचं ठरवलंय का, घरात कीटकनाशक आहे का. शेतकरी घरात औषधाचा डबा हाताशी असतो. तो कुलपात जाईपर्यंत आणि सोबतीला कुणी येईपर्यंत तिला एकटी सोडू नका. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला आणि पुढे जिल्हा रुग्णालयाशी जोडून द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो चिठ्ठीवर लिहून न देता तिच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून द्या, तिला चालेल त्या नावाने.

चूक: चालवणारीला वाऱ्यावर सोडणं आणि गट अचानक बंद करणं

दर आठवड्याला सात जणींचं दुःख ऐकून घरी जाणाऱ्या सिस्टरलाही कुणीतरी लागतं. पंधरा दिवसांतून एकदा अनुभवी समुपदेशकाबरोबर तासभर बसणं कामाच्या वेळेतच धरा, नाहीतर दोन गटांनंतर ती बदली मागेल.

पाचव्या बैठकीपासून सांगायला लागा, “आता तीन राहिल्या.” ज्यांचं माणूस न सांगता गेलं, त्यांना गटही तसाच गेला तर जुनी जखम उघडी पडते. शेवटच्या बैठकीत पीएचक्यू-९ पुन्हा भरा. ज्यांचे गुण उतरले नाहीत त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा, चिठ्ठी देऊन पाठवू नका.

पदर ओढून घेतलेल्या त्या मावशींकडे मी नंतर घरी गेले, माफी मागितली. पुढच्या गटात त्या परत आल्या. आत येताच त्यांनी आधी दाराची कडी लावली आणि मग सतरंजीवर बसल्या.