डिटेलिंगचं दुकान टाकायचंय? आधी पाणी बघा

डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने स्वच्छ करून चमकवण्याच्या धंद्याची चौकशी करायला माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या डोक्यात साधारण एकच चित्र असतं: काचेचा दर्शनी भाग, भिंतीवर टांगलेले चकचकीत एक्झॉस्ट, मधोमध काळी गाडी आणि वर षटकोनी एलईडी दिवे. चित्र झकास आहे, फक्त त्यात भाडं कोण भरतं ते दिसत नाही. आमच्या कोल्हापुरात ते भाडं भरते सीटवरची बुरशी, बॉनेटवरची कारखान्याची राख आणि फाउंड्रीची लोखंडी धूळ. भिंतीवरचे पार्ट्स पहिली दोन वर्षं तरी शोभेलाच राहतात. म्हणून आधी डिटेलिंग शिका, पार्ट्स त्याच्या मागून येऊ द्या.

गाळा बघायला जाताना खिशात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ठेवा. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. जागा रस्त्याला आहे का, हे सगळेच बघतात. नळाला काय येतं ते कोणी बघत नाही. बोअरचं जड पाणी एप्रिलच्या उन्हात काळ्या पत्र्यावर वाळलं की पांढरी वर्तुळं राहतात आणि ती शाम्पूने जात नाहीत. मग तुम्ही धुतलेल्या गाडीचे डाग काढायला तुम्हालाच फुकट पॉलिश मारावं लागतं. सॉफ्टनर बसवला तर मीटरवरचा आकडा फारसा खाली येत नाही, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम जाऊन त्या जागी सोडियम येतं. पण मग जो डाग पडतो तो ओल्या कपड्याने निघतो. शेवटचा हात मारण्यापुरतं डीआयचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी वेगळं ठेवलं तर आणखी उत्तम.

पाणी येतं कुठून हे बघितलंत, तसं जातं कुठे हेही बघा. ग्रीस-ऑइलचं पाणी थेट पावसाळी गटारात सोडलं की शेजारचे आधी तक्रार करतात, महापालिका नंतर येते. चेंबरच्या आधी तेल अडवणारा ऑइल ट्रॅप बांधून घ्या आणि भाडेकरारात धुलाईचा उल्लेख करून घ्या. नाहीतर मालक सहा महिन्यांनी म्हणतो, "मी दुकानाला दिलता गाळा, वॉशिंगला न्हवं."

आता कामाकडे. प्रत्येक गावाच्या गाडीचा मळ वेगळा असतो. परदेशी व्हिडिओंमध्ये रस्त्यावरचं मीठ आणि पाईनच्या झाडाचा चीक असतो. आपल्याकडे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज उभी राहणारी पांढरी गाडी घ्या. हात फिरवला तर पत्रा खरखरीत लागतो. ती लोखंडाची कणी असते. आयर्न रिमूव्हर (ही कणी विरघळवणारं रसायन) मारला की जांभळे ओघळ येतात. ते गिऱ्हाइकाला जरूर दाखवा, कारण त्यानंतर त्याला कामाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. क्रम मात्र पाळा: धुलाई, आयर्न रिमूव्हर, मग क्ले (चिकटलेला मळ उचलणारा मातीसारखा गोळा). आधीच क्ले घासला तर तीच कणी पत्र्यावरून ओढली जाते.

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की चिमणीची काळी राख पडायला लागते. ती कोरड्या फडक्याने झटकायची नाही, आधी भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यायची. हे तुमच्या पोरांना शिकवणं सोपं. गिऱ्हाइकाच्या ड्रायव्हरला शिकवणं अवघड, आणि गाडीवरचे निम्मे ओरखडे त्याच्याच फडक्याचे असतात.

दसरा-पाडव्याची गंमत वेगळी. नव्या पांढऱ्या गाडीवर हळदी-कुंकवाची बोटं उठलेली असतात. हळदीचा पिवळेपणा उन्हात हळूहळू उडतो, स्वस्त कुंकवाचा लाल रंग प्लास्टिकच्या बंपरवर चिवट बसतो. आणि एक सांगून ठेवतो, डॅशबोर्डवरचा गणपती किंवा ज्योतिबा स्वतः उचलू नका. मालकाला उचलायला सांगा, नसेल तर फोन करून विचारा. डबल टेपचा चिकटा नंतर निघतो, मन दुखावलं तर ते निघत नाही.

पॉलिशिंग हा या धंद्यातला सगळ्यात महाग धडा आहे, म्हणून तो टाकाऊ पत्र्यावर शिका. बॉडी शॉपमधून किंवा भंगारातून एक ठोकलेलं बॉनेट आणा आणि त्यावर मशीन चालवा. कंपनीचा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो. त्यातला वरचा पारदर्शक थर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. तुम्ही जे घासता ते एवढ्यातच. म्हणून रंगाची जाडी मोजणारं थिकनेस गेज ही मशीनच्या आधी घ्यायची वस्तू. एखाद्या दारावर ३०० च्या वर आकडा आला तर तिथे पुन्हा रंगकाम झालंय किंवा खाली पुट्टी आहे. तो आकडा मालकासमोर घ्या आणि जॉब कार्डावर लिहा. प्लास्टिक बंपरवर साधं गेज चालत नाही, तिथे अंदाजावर जोर लावू नका. सुरुवात ड्युअल अॅक्शन मशीनने (पॅड फिरतं आणि डोलतंही) करा. रोटरी (नुसती गोल फिरणारी) झटपट कापते, पण कडेला एक सेकंद जास्त थांबली की खालचा रंग दिसतो.

सिरॅमिक कोटिंगबद्दल (रंगावर लावायचा पातळ संरक्षक थर) खरं बोलणारा दुकानदार फार लवकर ओळखीचा होतो. "नाइन एच" ऐकून लोकांना वाटतं आता खडा लागला तरी चालेल. तो आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे. पुणे-बेंगळुरू हायवेवर ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्याशी त्याचा संबंध नाही. तिथे पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) लागतो, कारण तो १५० ते २०० मायक्रॉन जाडीचा असतो आणि कोटिंगचा थर त्याच्यापुढे काहीच नाही. कोटिंगने पाणी घरंगळतं, मळ कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. एवढंच सांगा, एवढंही पुष्कळ विकतं. जुलैतल्या दमट हवेत कोटिंग लवकर धरतं आणि पुसायला वेळ कमी मिळतो, तेव्हा छोटा भाग घ्या. पीपीएफचा प्लॉटर (फिल्म मापात कापणारं मशीन) लगेच घेऊ नका. पहिल्या गाड्यांना अनुभवी फिटर बोलवा, त्याचा हात बघा, त्याची मजुरी खुशाल द्या.

भावाबद्दल. शेजारचं वॉशिंग सेंटर जेवढ्याला धुतं तेवढ्याला तुम्ही धुवायला गेलात की संपलात. दरपत्रक भिंतीवर लावा. "भावा, आपल्यातलंच हाय, बघून घ्या की" हे वाक्य रोज ऐकायला मिळणार. त्यावर माझं उत्तर ठरलेलं: दर तोच, आतून एक व्हॅक्यूम माझ्याकडून. पाहुण्याचा मान राहतो आणि भाव मोडत नाही.

कागदपत्रं वाटतात तेवढी अवघड नाहीत. लोक अजून "गुमास्ता" म्हणतात, पण २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर चार-पाच माणसांच्या दुकानाला परवाना नव्हे, फक्त ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची असते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. जीएसटीत बरेच जण चुकीचा आकडा धरून बसतात. नोंदणीसाठी वर्षाच्या उलाढालीची ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना. तुम्ही सेवा देता आणि पार्ट्सही विकता, म्हणजे तुमची मर्यादा २० लाखांची. सेवेसाठीच्या कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना) उलाढाल ५० लाखांपर्यंत असेल तर ६ टक्के भरून मोकळं होता येतं, पण मग खरेदीवरचं क्रेडिट मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. पार्ट्सवरचा २८ टक्क्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आलाय, त्यामुळे जुनी कोष्टकं वापरू नका. कर्ज लागलं तर सरकारच्या मुद्रा योजनेत शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख. मशीन, कॉम्प्रेसर, व्हॅक्यूम, पहिली रसायनं एवढं किशोरमध्ये बसतं. शोरूमचं फर्निचर त्यात बसवू नका.

विम्याचं कोणी सांगत नाही. दुकानाची आगीची पॉलिसी तुमच्या मालाची असते. रात्री आत उभी असलेली गिऱ्हाइकाची गाडी त्यात आपोआप येत नाही. ते एजंटकडून स्वतंत्र लिहून घ्या. गाडी आत घेताना चारही बाजूंनी फोटो, किलोमीटर, पेट्रोलचा काटा, डिकीतलं सामान, सगळं कार्डावर. सही घ्या.

आता पार्ट्स. इथे तुमचा खरा कस लागतो तो नाही म्हणण्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मनमानी करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सुरक्षेशी निगडित म्हणून अधिसूचित केलेला पार्ट निकषात न बसणारा विकला, तर विकणाऱ्याला प्रत्येक पार्टमागे एक लाख दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे तुम्हाला. माझा नियम असा की जे काम आहे त्याच नावाने बिलावर लिहिता येत नाही ते घ्यायचं नाही. काळी फिल्म (पुढची-मागची काच ७० टक्के, बाजूची ५० टक्के उजेड आत सोडणारी हवी), बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड), मल्टिटोन हॉर्न, "दादा" वाचता येईल अशी नंबर प्लेट, सायलेन्सर पोकळ करणं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं: सगळं याच चाळणीत गळून पडतं. ईसीयू रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) हेही. बीएस-६ गाडीची वॉरंटी गेली की मालक कंपनीकडे नाही, तुमच्या दारात येतो. ज्याला खरंच वेग हवाय त्याला कोइम्बतूरच्या कारी स्पीडवे या रेस ट्रॅकचा रस्ता दाखवा.

मग उरतं काय? बरंच. चांगले ब्रेक पॅड, टायर, फिल्टर, मूळ मापाचे शॉक अॅब्सॉर्बर, मॅट, आणि अलॉय. अलॉय चाकांमध्ये पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचं माप) जुळला म्हणजे झालं असं समजू नका. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) आणि मधलं भोकही बघा. स्विफ्टचा पीसीडी ४×१०० आणि भोक ५४.१ मिमी. बाजारातल्या अलॉयचं भोक मोठं असेल तर हबची रिंग लागते, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक तीनदा बॅलन्सिंग करून येतं. मोठं चाक कसं बसवायचं हे कंपनीकडूनच शिका: आधीच्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ मापाचा टायर, वरच्याला १८५/६५ आर १५. गणित करून बघा, पूर्ण व्यासात फरक जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. वरच्या मॉडेलचं माप खालच्याला, यात तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित.

हेडलाइटचे १०० वॉटचे बल्ब मागणारे रोज येतील. ६०/५५ वॉटच्या जागी तो बसवला की तारेतून पाचऐवजी आठ अँपिअरच्या वर करंट जातो. होल्डर वितळतो, समोरचा आंधळा होतो तो वेगळाच. आणि सीट कव्हर विकताना सीटच्या कडेला एअरबॅगचा बिल्ला आहे का बघा. असेल तर साधं कव्हर ती एअरबॅग अडवू शकतं.

माल भरून ठेवू नका. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन्ही ठिकाणी फिरा, ओळखी करा, पण निम्मे पैसे आगाऊ घेऊन ऑर्डरप्रमाणे मागवा. मॉडेल बदललं की कपाटातला पार्ट भंगाराच्या भावाने जातो. बिलाशिवाय मिळणारा स्वस्त ब्रेक पॅड तर घेऊच नका, डबा कितीही ओळखीचा दिसो.

उद्घाटनाचं म्हणाल तर सगळे दसऱ्याचा मुहूर्त धरतात. मी म्हणेन जूनमध्ये उघडा. धुलाई थंड असते, पण कोल्हापूरच्या पावसात आठवडाभर बंद राहिलेल्या गाड्या बुरशीने आतून पांढऱ्या होतात, आणि ते काम वॉशिंग सेंटरवाला घेत नाही. वाफेने सीट स्वच्छ करणं सोपं. खरा वास कार्पेटखालच्या स्पंजात असतो. कडेच्या पट्ट्या काढून कार्पेट उचला, ब्लोअर लावा, गाडी पूर्ण वाळेपर्यंत देऊ नका, मालक कितीही घाई करो. एसीचा केबिन फिल्टर बदला, तो बिलावर वेगळा लिहा. दसऱ्याच्या गर्दीपर्यंत हातात एवढ्या गाड्या गेलेल्या असतात की पोरांना काम सांगावं लागत नाही.